मोजणीत निघालेलं घर

आमच्या सरपंच गयाआत्या बैठक चालू असतानाच उठून बाहेर जायच्या. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा त्यांना बरं वाटत नसेल असं समजून पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले. ग्रामपंचायतीच्या पायरीवर, लिंबाच्या सावलीत त्या पाय पसरून आरामात बसल्या होत्या. मला काय झालंय, म्हणाल्या, विषय माझ्या गल्लीचा निघाला, तू जा आत आणि लिही. विषय होता रस्त्यावरच्या एका दिव्याचा. त्यांच्या गल्लीला एक खांब मिळणार होता आणि तो कुठे रोवायचा एवढंच ठरायचं होतं. आत सदस्य हसत होते. उपसरपंच आसारामअण्णांनी दारात येऊन सांगून पाहिलं की एका बल्बासाठी सरपंचानं उठून जायची काही गरज नाही. आत्या जागच्या हलल्या नाहीत.

"बल्बच हाय," त्या म्हणाल्या, "पण उजेड माझ्या दारात पडतो ना."

शेवटी खांब त्यांच्या दारापासून तीन घरं पुढे, बाया पाण्याला वळतात त्या कोपऱ्यावर ठरला. आत्या आत आल्या, निर्णय ऐकला, आणि खूश झाल्या. मी आत असते तर तुम्ही भिडेखातर माझ्याच दारात रोवला असता, असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घ्यायला सांगितला.

ग्रामसेविका म्हणून ती माझी पहिलीच नेमणूक होती. गाव जालना रोडवर करमाडच्या पुढे, आत वळल्यावर. मी हर्सूलहून रोज स्कूटीवर यायचे. रुजू होण्याआधी एका जुन्या ग्रामसेवकानं मला समजावून सांगितलं होतं की सरपंच बाई आहे म्हणजे कारभार घरातला पुरुष बघत असणार, तो कोण आहे ते आधी शोधा आणि त्याच्याशी जुळवून घ्या. मी पहिल्या आठवड्यात खरंच तो पुरुष शोधत होते. तो सापडला नाही. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा बाळू शेंद्र्याच्या कंपनीत कामाला, आणि कार्यालयात येणारी एकटी बाई, डोक्यावर पदर आणि हातात मेंढरांमागची काठी. काठी दाराशी टेकवून त्या आत यायच्या. खुर्चीत मात्र नेहमी अर्ध्याच बसायच्या, जणू कुणी उठा म्हटलं तर लगेच उठता यावं.

त्या या गावच्या लेकी. लग्न होऊन गेल्या त्या घरी मेंढरं होती, आणि वीस-बावीस वर्षं त्यांनी कळपामागं चालण्यात काढली. पावसाळा सरला की गोदाकाठापर्यंत जायचं, उन्हाळ्यात परतायचं. नवरा गेल्यावर लहान बाळूला आणि उरलेल्या मेंढरांना घेऊन त्या माहेरी आल्या. म्हणून लहानथोर सगळे त्यांना आत्याच म्हणत. मीही आठ-पंधरा दिवसांत म्हणू लागले. त्या मला चारचौघांत मॅडम म्हणायच्या आणि दोघीच असलो की पोरी.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात होतं.

त्यांना वाचता यायचं, पण कसं, तर अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत. पंचेचाळिशी उलटल्यावर साक्षरता वर्गात शिकलेलं वाचन ते. कोणताही कागद सहीसाठी पुढं ठेवला की त्या आधी तो पूर्ण वाचायच्या आणि मग जोडाक्षरांवर अडलेल्या जागा मला विचारायच्या. एका परिपत्रकाला कधी पाऊण तास लागायचा. वरिष्ठ कार्यालयातून फोन येत, मी घड्याळ बघत बसे. एकदा न राहवून मी म्हटलं की आत्या, यात विशेष काही नाही, नेहमीचंच आहे. त्यांनी बोट कागदावर तसंच ठेवलं आणि वर पाहून विचारलं, "नेहमीचंच हाय तर नेहमी काहून पाठवत्यात?"

इतिवृत्ताच्या वहीची त्यांची रीत तर मला आरंभी फार जाचली. बैठक झाली की ठराव घाईघाईनं थोडक्यात टिपून ठेवायचे, खाली जागा सोडून सह्या घ्यायच्या आणि सवडीनं मधली जागा भरायची, असं मी कामाला लागण्याआधी दुसऱ्या गावांत पाहिलेलं होतं. त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. सगळीकडे असंच चालतं असं वाटायचं. पहिल्याच महिन्यात मी तशी वही पुढं केली. आत्यांनी ठराव वाचला. मग माझ्या हातातून पट्टी घेतली आणि रिकाम्या जागेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पेनानं तिरपी रेघ ओढली. नंतर सही केली. मी जरा दुखावूनच म्हटलं की माझ्यावर विश्वास नाही का. त्या म्हणाल्या, "तुझ्यावर हाय. पण तुझ्यामागून येणाऱ्याला मी वळखत नाय." त्या दिवसापासून ठराव बैठकीतच पुरा लिहायचा, मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि खाली रेघ, हे ठरून गेलं. बैठकी लांबल्या. पण नंतर सदस्यांत वाद झाला की अमुक ठरलं होतं की नव्हतं, तर वही उघडली की विषय मिटे.

ग्रामसभेचंही तसंच. गावात ग्रामसभेला माणसं यायची नाहीत. शिपाई वही घेऊन दारोदार फिरायचा, सह्या-अंगठे गोळा व्हायचे आणि सभा कागदावर भरायची. आत्या सरपंच झाल्यावर त्यांनी वही कार्यालयाच्या बाहेर न्यायला मनाई केली. मग व्हायचं ते झालं. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली, दुसऱ्यांदाही झाली. आसारामअण्णा वैतागले. आत्या मात्र आदल्या संध्याकाळी स्वतः घरोघर गेल्या, बायांना विचारलं की तुम्ही का येत नाही. कळलं की सभा ठेवतात दुपारी बाराला, आणि त्या वेळी अर्धं गाव कापसाच्या वेचणीला गेलेलं असतं. हे इतकं साधं होतं की मला लाज वाटली. पुढची सभा सकाळी लवकर, शेतावर जायच्या आधी ठेवली. सत्तर-ऐंशी बाया आल्या आणि सतरंजी पुरली नाही. आत्याही खुर्ची सोडून त्यांच्यात खाली बसल्या.

त्या सभेत पहिल्यांदा वरच्या वस्तीच्या बाया बोलल्या. गावाच्या चढावर मजुरीवर जगणारी तीस-पस्तीस घरं आहेत. नळ त्यांनाही होते, पण पाणी खालच्या घरांत भरून उरलं तरच चढायचं, आणि ते उरत नसे. त्या बाया खाली शेतातल्या विहिरीवरून डोक्यानं पाणी वाहायच्या. आत्यांनी ऐकून घेतलं. कळप घेऊन लांब जाताना चाल कशी ठरते हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. नुकतं जन्मलेलं कोकरू ज्या चालीनं चालेल, ती सगळ्या कळपाची चाल. एरवी मागच्या मागं कोकरं गळतात आणि पुढच्याला पत्ता लागत नाही. तेव्हा पाणी वर चढवायचं असेल तर आधी वर टाकी बांधायची. गावाच्या डोक्यावर गायरानाची जागा होती. तिथं टाकी झाली तर पाणी वरून खाली येईल, आणि सगळ्यांत आधी वरच्या वस्तीत.

टाकीला मंजुरी मिळवायला आम्हाला वर्ष लागलं. आत्या माझ्या स्कूटीवर मागे बसून पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत यायच्या. साहेब भेटेपर्यंत बाकावर बसून भिंतीवरच्या पाट्या वाचायच्या. एका ठेकेदाराला वास लागला होता. तो कचेरीच्या आवारात भेटला की आग्रहानं चहाला बोलवायचा. आत्या गावात कुणाच्याही घरी चहा घ्यायच्या, बिनदुधाचा, गुळाचा, कसलाही. ठेकेदाराला मात्र दर वेळी हसून नाही म्हणायच्या. एकदा तो म्हणाला की मावशी, चहाच आहे, विष नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "चहा चांगलाच असल. पण तो प्यायल्यावर तुझं काम वाईट झालं तर मला बोलता यायचं नाय." त्यालाही हसू आलं. काम पुढे निविदेतून दुसऱ्याच कुणाला गेलं.

मंजुरी आली तेव्हा एक अडचण पुढे आली. गायरानाच्या त्या तुकड्यावर चार जणांची अतिक्रमणं होती. राहतं घर कुणाचं नव्हतं. दोन गोठे, एक कडब्याचं छप्पर आणि किसन नावाच्या मजुरानं बांधलेली एक पत्र्याची खोली, तीही सरपण ठेवायची. मासिक बैठकीत विषय आला, आत्या अध्यक्षस्थानी होत्या, चौघांना नोटिसा द्यायचा ठराव झाला. नोटिसा मीच लिहिल्या. तिघं कुरकुरत कबूल झाले. किसन मात्र कार्यालयात आला आणि म्हणाला की मी उठायला तयार आहे, पण आधी मोजणी करा. हद्द कुठं आहे हे डोळ्यांनी दाखवा, मग सांगा. आसारामअण्णा चिडले. आत्या म्हणाल्या की बरोबर बोलतोय तो, मोजणी लावू.

मोजणीदार आला तो दिवस मला आजही तसाच्या तसा आठवतो. सकाळची दहाची वेळ, ऊन चढायला लागलेलं, गावातली वीस-पंचवीस माणसं जमलेली. जुना हद्दीचा दगड सापडला आणि तिथून काम सुरू झालं. मोजणीदाराचा माणूस खुणेपासून खुणेपर्यंत चुन्याची रेघ मारत चालला. गोठे आत आले, छप्पर आत आलं, किसनची खोली आत आली. ते सगळ्यांना ठाऊकच होतं. मग रेघ खालच्या अंगाला वळली, आणि जिथं गायरान संपतं असं आम्ही सगळे पिढ्यान्‌पिढ्या समजत होतो तिथं न थांबता पुढे गेली. पुढे आत्यांचं घर होतं. रेघ त्यांच्या मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या पलीकडून गेली आणि मागच्या खोलीच्या बरोबर मध्यावर येऊन ठेपली. भिंत आली म्हणून माणूस थांबला आणि मोजणीदाराकडे बघू लागला.

किसन खाली मान घालून उभा होता. जिंकल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, उलट त्यालाच वाईट वाटत असावं. मागची खोली बाळूनं त्याच्या लग्नाच्या वेळी बांधली होती, कंपनीतल्या पगारातून थोडं थोडं करून. भिंतीला अजून रंगही लागला नव्हता. आत्या रेघेजवळ गेल्या, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि वाकून चुना पाहिला. मग मोजणीदाराला म्हणाल्या की पुन्हा एकदा मोजा. त्यानं पुन्हा मोजलं. रेघ तिथंच आली.

लोक पांगल्यावर आसारामअण्णा मला आणि मोजणीदाराला कार्यालयात घेऊन आले. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मी आजही म्हणेन. आत्या सरपंच नसत्या तर टाकी झाली नसती, आणि आत्या सरपंचपदावरून गेल्या तर पुढं काय होईल याची त्यांना धास्ती होती. सरकारी जमिनीवर सदस्याचं अतिक्रमण निघालं तर पद जातं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ते म्हणाले, टाकीला लागणारी जागा वरची आहे, खालच्या बाजूची हद्द आजच नकाशावर घ्यायची काय गरज. मोजणीदारानं पेनाचं टोपण लावलं. ते कसं लिहायचं हे आता आम्ही सांगावं, असा त्याचा अर्थ होता.

संध्याकाळी मी आत्यांच्या घरी गेले. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी अण्णांचंच म्हणणं माझ्या शब्दांत सांगितलं. म्हटलं, तुमचं नाव आत्ताच नको लिहू या. टाकी होऊ द्या, वर्षभरानं वाडगं हलवा, खोलीचं काहीतरी करू. कुणाचं नुकसान नाही. त्यांनी तव्यावरची भाकर उलटली आणि विचारलं की नियम काय आहे ते मला सांग. मी सांगितला, पदाचं काय होतं तेही सांगितलं. त्यांनी चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

"त्या चौघांच्या नोटिसा लिहिल्यास," मग त्या म्हणाल्या, "तवा वर्षभर थांबू असं तुझ्या मनात आलं व्हतं का, पोरी?"

आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी भाकर उतरवून माझ्या ताटात घातली, वर तिखट आणि तेल दिलं, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या की उद्या पाचवी नोटीस लिही, बाळूच्या नावानं आणि माझ्या नावानं. शिपायाच्या हाती पाठव, मी घरीच थांबते.

नोटीस मी लिहिली. चार नोटिसा लिहिताना मला पाच मिनिटं लागली होती. ही एक लिहायला सगळी सकाळ गेली, आणि ती जाताना पहिल्या चार किती सहज गेल्या होत्या ते कळत गेलं.

बाळूनं आईशी बोलणं टाकलं. तो तसा शांत मुलगा, आईवर जीव असलेला. पण दुसऱ्यांच्या आया लेकरांसाठी काय काय करतात आणि माझी आई माझ्याच भिंतीवर नोटीस लावते, असं तो पारावर म्हणाल्याचं मला कळलं. घरात तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. सून दोघांच्या मधे घुसमटायची. आत्या माझ्याशी यातलं काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा, कागद वाचता वाचता बोट एका ओळीवर थांबलं आणि बराच वेळ पुढं सरकलं नाही. मला वाटलं जोडाक्षर अडलंय, म्हणून मी वाकून पाहिलं तर ओळ सोपी होती. त्या म्हणाल्या, "तो चुकीचं बोलत नाय. त्याच्या जागी मीबी हेच बोलले असते."

मुदतीच्या चार दिवस आधी आत्यांनी मेंढरं भावाच्या शेतात हलवली आणि वाडग्याचं कुंपण काढायला घेतलं. एकट्याच. कार्यालयातून ते दिसत होतं, मी तिथून पाहत होते आणि काय करावं ते कळत नव्हतं. कुंपण झालं, मग त्या मागच्या खोलीच्या पत्र्यांकडे वळल्या. शिडी लावली, वर चढल्या, पत्र्याचा एक कोपरा सोडवला आणि तो हलेना. तेवढ्यात बाळू कंपनीतली पाळी संपवून परत आला. डब्याची पिशवी खांद्याला तशीच. तो उभा राहून पाहत होता. मग पिशवी खाली ठेवली, शिडी धरली आणि म्हणाला, "उतर खाली. पडशील."

आई खाली आली, तो वर गेला. दोघांत एवढंच बोलणं झालं. पण संध्याकाळपर्यंत किसन आला, मग गोठेवाले आले, आणि पाचही जागा दोन दिवसांत मोकळ्या झाल्या. कुणाला पोलीस लागला नाही, कुणावर आवाज चढला नाही. माझ्या नोकरीत इतकं शांतपणे निघालेलं अतिक्रमण मी पुन्हा पाहिलं नाही.

मला वाटलं, विषय संपला. अतिक्रमण राहिलंच नाही, तक्रार कुणी केली नाही, आत्यांचं पद राहील. मी आनंदानं तसं सांगायला गेले तर त्यांच्यापुढे त्यांच्या उमेदवारी अर्जाची प्रत होती. माझ्याकडूनच त्यांनी ती मागून नेली होती. त्यात त्यांचं घोषणापत्र होतं की मी किंवा माझ्या कुटुंबीयांनी शासकीय जमिनीवर अतिक्रमण केलेलं नाही. खाली त्यांची सही, नुकतं लिहायला शिकलेल्या हाताची, वाकडी. ते खोटं निघालं, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही मुद्दाम लिहिलं नाही, कायदाही हे बघेल. ते मला ठाऊक आहे, त्या म्हणाल्या, पण ज्या चौघांना मी खुर्चीत बसून उठवलं ते हा कागद बघतील तेव्हा त्यांना काय वाटेल. मी बराच वाद घातला. टाकीचं काम अर्धं आहे, वरच्या वस्तीचा विचार करा, असंही म्हटलं. टाकीचा ठराव झालाय, पैसा आलाय, आता ती कुणा एकीची राहिली नाही, असं त्यांचं उत्तर होतं.

राजीनामा मी टाइप करून देते म्हटलं, तर त्यांना तो स्वतःच्या हातानं लिहायचा होता. तीन दिवस लागले. चार ओळींचा कागद होता. मी गयाबाई, सरपंच. मोजणीत माझं घर गायरानात निघालं. मला माहीत नव्हतं, पण ते निघालं. ते काढलं आहे आणि मी पद सोडते. कुणाचा दबाव नाही. "राजीनामा" या शब्दात एक काना जास्त पडला होता. तो त्यांनी मला दुरुस्त करू दिला नाही, कारण मग ते अक्षर त्यांचं राहिलं नसतं.

सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे जातो. मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं की बाई, कुणी धमकावलंय का तुम्हाला. नाही म्हटल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवून सांगितलं की घरी जा, चार दिवस विचार करा, तोवर हे माझ्यापाशी राहू दे. चांगुलपणानंच म्हणाले ते. आत्या बाकावर जाऊन बसल्या. तासाभरानं साहेब जेवायला निघाले तर त्या तिथंच. अजून काय राहिलं, त्यांनी विचारलं.

"पोच," आत्या म्हणाल्या. "कागद दिला की पोच मिळती ना?"

शिक्का मारलेली पोच पदराच्या गाठीत बांधून त्या परत माझ्यामागे बसल्या. येताना चिकलठाण्याच्या पुढे मला रडू आलं आणि मी गाडी कडेला घेतली. त्या उतरल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि गाड्या जाऊ दिल्या.

कारभार आसारामअण्णांकडे गेला. त्यांची धास्ती खोटी ठरली, त्यांनी टाकी नेटानं पुरी केली. उद्घाटनाच्या पाटीवर आत्यांचं नाव नव्हतं, कारण त्या दिवशी त्या सरपंच नव्हत्या. अण्णांनी लाजत लाजत विचारलं की टाकू का, तर त्यांनी नको म्हटलं. वरच्या वस्तीत पहिलं पाणी आलं तेव्हा किसनच्या बायकोनं पहिला हंडा भरून तो सरळ आत्यांच्या दारात नेऊन ठेवला. त्याला मात्र त्यांनी नाही म्हटलं नाही. पुढं प्रत्येक ग्रामसभेला त्या यायच्या, बायांमध्ये बसायच्या आणि साध्या गावकऱ्यासारखं हात वर करून विचारायच्या. त्यांचे प्रश्न आले की अण्णांना घाम फुटायचा आणि मी वही उघडून तयारच असायचे.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली पडेगावच्या बाजूला झाली. शेवटच्या दिवशी सगळं दप्तर नव्या ग्रामसेवकाच्या ताब्यात दिलं, यादीवर दोघांच्या सह्या झाल्या. गावानं नारळ दिला, अण्णा दोन शब्द बोलले. आत्या मागे बसून होत्या. मला मनातून थोडं लागलं की त्या काहीच बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अंडं दिलं नाही, शेतातली मेथीची जुडी दिली नाही. त्यांच्या घरी जेवले तेवढंच.

मी स्कूटी काढली तर त्या पुढं आल्या आणि विचारलं की चार्ज पुरता दिलास का. हो म्हटलं. सही झाली का. झाली. मग त्यांनी मागं वळून बाळूला खूण केली. तो घरातून एक काळी घोंगडी घेऊन आला, नवीकोरी, कडेला पांढरे पट्टे, अजून लोकरीचा वास असलेली. त्यांनी ती उलगडून माझ्या खांद्यावर घातली, गळ्यापाशी नीट केली, आणि हात माझ्या गालावरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली. भर उन्हाळा होता. मी ती तशीच अंगावर ठेवली.

फाट्यापर्यंत बाळू मोटारसायकलवरून सोबत आला. मी त्याला म्हटलं की एवढी घोंगडी चार दिवसांत कशी करवून आणली, माझ्या बदलीची ऑर्डर तर या आठवड्यातच आली. तो हसला.

"चार दिवस कुठले, मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही आल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी आईनं विणून घेतली. पेटीत व्हती. दर साली पावसाळा सरला की काढून ऊन द्यायची अन् परत ठेवायची. म्हणायची, पोरीला लई थंडी वाजती सकाळची, पण ती इथली ग्रामसेविका हाय तवर मला देता येत नाय."